पडदेवाल्या मावशींची हरकत

मी एकतीस वर्षं मालमत्ता कर विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ हरकतींच्या खिडकीवर. त्या खिडकीशी येणारा माणूस बहुतेक वेळा तापलेलाच यायचा. हातात चुरगळलेली नोटीस, आणि तोंडात एकच वाक्य, की एवढा कर कसा. कुणी टेबलावर हात आपटायचं, कुणी रडायचं, कुणी आपली ओळख थेट वरपर्यंत आहे ते हळूच कानावर घालायचं. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो आणि कोरा अर्ज पुढे सरकवायचो. बरेचसे लोक त्या अर्जावर 'कर फार जास्त आहे, कमी करावा' असं लिहून जायचे, आणि तसे अर्ज फेटाळले जायचे. त्यात मला काही वावगं वाटत नसे. वर्षानुवर्षं तेच चाललं होतं.

पडदेवाल्या मावशी आल्या तेव्हा नोटिशी वाटून तिसरा दिवस होता. वय एकसष्ट, अंगाने काटकुळ्या, गळ्यात लांबलचक कापडी टेप लोंबकळत होती. कुणाच्या तरी घरून खिडक्यांची मापं घेऊन त्या तशाच आल्या होत्या. त्यांनी नोटीस माझ्यापुढे ठेवली, नीट सपाट केली आणि म्हणाल्या, "ह्यात माझ्या घराचं मूल्य लिहिलंय. हे काढलं कसं, ते मला दाखवाल का?"

मी जरा गोंधळलो. या खिडकीवर हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

"मावशी, ते गणित असतं," मी म्हणालो.

"मग तर बरंच झालं. गणित असेल तर कळेल."

मागे रांग नव्हती. मी एक कागद घेतला आणि सांगू लागलो. आधी घराचं क्षेत्रफळ, म्हणजे आतल्या जमिनीची लांबी गुणिले रुंदी. त्याला त्या भागाचा दर लावायचा. मग बांधकाम कसलं आहे, घर किती जुनं आहे, राहण्यासाठी वापरता की धंद्यासाठी, त्याप्रमाणे तो आकडा वरखाली करायचा. शेवटी जे येतं ते करमूल्य, आणि त्याच्यावर कर.

त्या प्रत्येक पायरीला थांबवत होत्या. "हा दर कोण ठरवतं?"

"वरून ठरतो. सगळ्या भागाला एकच."

"म्हणजे त्यावर मी भांडून उपयोग नाही."

"नाही."

"मग कशावर भांडता येतं?"

"मापावर. वापरावर. घराच्या वयावर. कर जास्त आहे असं लिहिलं तर कुणी वाचत नाही. मूल्य चुकलंय, आणि नेमकं इथे चुकलंय, असं लिहिलं तर वाचावंच लागतं." हे मी बोलून गेलो आणि माझं मलाच वाटलं, की हे वाक्य या खिडकीवर पाटी करून लावायला हवं होतं.

मावशींनी मान हलवली. "आमच्या घराचं माप लिहिलेला कागद असेल ना? तो बघायला मिळतो का?"

मिळतो. तो त्यांचा हक्कच असतो. पण कुणी मागत नाही, म्हणून आम्हीही दाखवत नाही. मी कपाटातून मोजमापाचा तक्ता काढून दिला. त्या खिडकीशेजारच्या बाकावर बसल्या, चष्मा चढवला आणि वहीत तो तक्ता जसाच्या तसा उतरवून घेतला. दर्शनी खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, बोळ, न्हाणीघर. एकूण पाचशे सत्तावीस चौरस फूट. तळाशी शेरा होता: क्षेत्र पाचशेच्या वर, सबब वरचा गट. पाचशेच्या वरच्या घरांना आकारणी चढी असते; मावशींचा कर एका फटक्यात एवढा का वाढला होता, ते त्या शेऱ्यात होतं.

जाताना त्यांनी विचारलं, "हरकत घेतली की कर भरायचा थांबवायचा का?"

"नाही. जुन्या आकड्याने भरत राहायचं. आणि नोटीस मिळाल्यापासून एकवीस दिवसांत अर्ज आला पाहिजे. बाविसाव्या दिवशी साक्षात् मंत्री आले तरी मी घेऊ शकत नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या.

मावशींबद्दल मला नंतर कळत गेलं ते इथेच सांगतो. पडद्यांचा धंदा मुळात त्यांच्या नवऱ्याचा. तो लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायचा आणि मावशी घरी मशीनवर शिवायच्या. माणूस गोड बोलणारा, गिऱ्हाईक जोडणारा, पण मापात कच्चा. पडदा एकदा तरी उसवल्याशिवाय खिडकीला बसायचाच नाही. दोन वर्षं उसवून उसवून मावशी कंटाळल्या आणि एक दिवस शिडी घेऊन स्वतःच निघाल्या. तेव्हापासून नवरा बोलायचा आणि मावशी मोजायच्या. त्यातून त्यांनी घर घेतलं, तळमजला. वरचा मजला धाकट्या दिराचा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि मावशी आता बोलायचं आणि मोजायचं दोन्ही काम एकट्या करत होत्या.

हे दीर म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण. निवृत्त टपाल कारकून. कुठल्याही सरकारी कागदासमोर त्यांचं एकच धोरण, भरून टाका आणि मोकळे व्हा. मावशी तक्त्याची नक्कल घेऊन घरी गेल्या तेव्हा दीर जिन्यात उभे होते.

"वहिनी, कशाला डोक्याला ताप करून घेता? सरकारने मोजलंय ते बरोबरच असणार."

"असेलही, भाऊजी. मोजून बघते."

पाचव्या दिवशी मावशी पुन्हा खिडकीवर. या वेळी अर्ज लिहूनच आणला होता. अक्षर टपोरं, खोलीखोलीचा नकाशा काढलेला, प्रत्येक भिंतीवर दोन आकडे. एक आमच्या तक्त्यातला, एक त्यांचा. त्यांच्या मापाने घर चारशे एक्याण्णव चौरस फूट होतं, म्हणजे पाचशेच्या आत. मी अर्जावर शिक्का मारला, पोच दिली आणि सांगितलं, की अधिकारीबाई दर आठवड्याला सुनावणी घेतात, तुमचा नंबर सतराव्या दिवशी आहे.

त्या अर्जाकडे तेव्हा मी नीट पाहिलं असतं, तर मलाही दिसलं असतं. पण मी शिक्का मारणारा माणूस. मी फक्त सही आहे ना, एवढंच पाहिलं.

सुनावणीची खोली लहान होती. लांबट टेबल, खिडकीपाशी एक लोखंडी कपाट, भिंतीवर प्रभागांचा नकाशा. टेबलाच्या डोक्याशी अधिकारीबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, कुणाच्या उखाळ्यापाखाळ्यांत रस नसलेल्या. एका बाजूला मोजणी निरीक्षक. मावशींची गल्ली त्यानेच मोजली होती. समोर मावशी, आणि त्यांच्या मागे सोबत म्हणून आलेले दीर. मी नोंदी घ्यायला कोपऱ्यात होतो.

बाईंनी अर्ज वाचला. "तुमचं म्हणणं, माप चुकलंय."

"हो."

निरीक्षक म्हणाला, "मॅडम, हे घरगुती माप. कापडी टेप. कापड ताणलं जातं. आमची टेप शासकीय आहे." मग मावशींकडे वळून तो जरा हसला. "मावशी, पडद्याला दोन इंच इकडे तिकडे चालतात. घराला नाही चालत."

"पडद्याला अर्धा इंचही चालत नाही," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण ते राहू दे. साहेब, माझी टेप ताणलेली असती तर काय झालं असतं?"

"म्हणजे?"

"ताणलेल्या टेपची चूक मापाबरोबर वाढते. चौदा फुटांच्या भिंतीला जास्त, चार फुटांच्या भिंतीला कमी. बरोबर?"

निरीक्षकाने मान हलवली.

"आणि माणसाच्या हातून चूक झाली, तर ती कधी दोन इंच, कधी पाच. कधी कमी लागेल, कधी जास्त. आता हे बघा." त्यांनी नकाशा बाईंच्या समोर फिरवला. "दर्शनी खोली बारा फूट. तुमच्याकडे बारा फूट चार इंच. तिचीच दुसरी भिंत दहा फूट, तुमच्याकडे दहा फूट चार इंच. न्हाणीघर पाच बाय चार. तुमच्याकडे पाच फूट चार इंच, चार फूट चार इंच. बोळाची रुंदी तीन फूट, तुमच्याकडे तीन फूट चार इंच. बारा भिंती मोजल्या. बाराही ठिकाणी चारच इंच जास्त. भिंत मोठी असो नाहीतर लहान."

बाईंनी एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला.

"सगळीकडे सारखीच चूक असेल," मावशी म्हणाल्या, "तर ती मोजताना झालेली नसते. मोजायला सुरुवात करतानाच झालेली असते. तुमच्या टेपचं सुरुवातीचं टोक बघा. पहिले चार इंच तिथे नसणार."

ती टेप मावशींनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मोजणीच्या दिवशी त्या कामावर होत्या, दार दिरांनी उघडलं होतं. फक्त आकड्यांवरून, आपल्या वहीतल्या बारा ओळींवरून, ही बाई बंद कपाटातल्या वस्तूला काय झालंय ते सांगत होती.

अधिकारीबाई म्हणाल्या, "टेप आणा."

निरीक्षक उठला. त्याने कपाट उघडून आपली टेप काढली, मोठी, गोल डबीतली, टोकाला पितळी कडी असलेली. ती टेबलावर उलगडली. कडीच्या आत, शून्य जिथे असायला हवं होतं, तिथे चार लिहिलं होतं. कधीतरी टोक फाटलं असणार, आणि कुणीतरी फाटका तुकडा कापून कडी पुढे नव्याने ठोकली असणार. काम सफाईदार होतं. कडी भिंतीला लावणारा माणूस वेगळा, आणि दुसऱ्या टोकाचा आकडा वाचणारा वेगळा. त्यामुळे सुरुवात कुणी बघितलीच नव्हती.

मावशींनी गळ्यातली कापडी टेप काढली आणि शेजारी अंथरली. त्यांचं शून्य आमच्या चारापाशी आलं. बाईंनी वाकून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि मग खुर्चीत मागे टेकल्या. निरीक्षकाच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, ही टेप माझ्याकडे जानेवारीपासून आहे."

"जानेवारीपासून किती घरं मोजलीत?"

त्याने वही काढून मोजलं. मावशींची गल्ली, तिच्या मागची गल्ली आणि चौकापर्यंतची दोन्ही बाजूंची घरं. तीनशेच्या घरात संख्या गेली.

मावशींचा निकाल बाईंनी तिथेच दिला. क्षेत्र चारशे एक्याण्णव, गट खालचा. पण एक मुद्दा उरला होता. दर्शनी खोली निरीक्षकाने धंद्याचा वापर म्हणून लावली होती, आणि मावशींनी त्यावरही हरकत घेतली होती.

"तिथे काय असतं?" बाईंनी विचारलं.

"शिलाई मशीन. कापडाचे तागे. एक पलंग, मी तिथेच झोपते."

"गिऱ्हाईक येतं?"

मागून दिरांनी हळूच घसा खाकरला. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "येतं. रोज नाही, पण येतं."

"मग ती खोली धंद्याचीच राहील."

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. एवढ्यावर तो मुद्दा संपला.

त्या उठल्या, टेप पुन्हा गळ्यात घातली आणि दाराशी थांबल्या. "बाकीच्या घरांचं काय होणार?"

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "मी आज वर लिहिते. पण उत्तर यायला महिने जातील, आणि ज्यांनी हरकत घेतलेली नाही त्यांची आकारणी मुदत संपल्यावर कायम होते. ज्याचा अर्ज माझ्यासमोर आहे, त्याचंच मी बदलू शकते."

"मुदत किती दिवस आहे अजून?"

"चार," मी कोपऱ्यातून म्हणालो.

मला वाटलं, त्या गल्लीत जाऊन लोकांना सांगतील, मग लोक आपापलं बघतील. त्यांनी सांगितलं, पण लोकांना माप घेणं जमेना. कुणी पावलांनी मोजलं, कुणी पट्टीने, आणि एकाने तर दोरी घेऊन. मावशींनी चार दिवसांची सगळी गिऱ्हाइकं पुढे ढकलली आणि दारोदार जाऊन स्वतः मोजायला सुरुवात केली. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. तो कोण मिळाला, तर दीर. भरून टाका म्हणणारे तेच दीर सकाळी आठ वाजता टोपी घालून खाली हजर झाले.

मी तिसऱ्या दिवशी कामावरून परतताना त्या गल्लीतून गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, मला फक्त बघायचं होतं. एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत त्या मोजत होत्या. घरात सामान खच्चून भरलेलं. मावशी कपाटाच्या मागे अर्ध्या अदृश्य झालेल्या, दीर समोरच्या कोपऱ्यात गुडघ्यावर. प्रत्येक भिंत त्या तीनदा मोजत होत्या, खाली, मध्ये आणि वर.

"तीनदा कशाला?" घरमालकीण विचारत होती.

"भिंत सरळ नसते, बाई. खाली पोट काढते, वर आत जाते. आपण सरळ समजतो एवढंच."

मग त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, क्षणभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही अकरा साडेनऊ असेल." दिरांनी टेप लावली. अकरा फूट, नऊ फूट सहा इंच. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते माझ्याही चेहऱ्यावर असणार. त्या घरात तीस वर्षं राहणाऱ्या बाईला आपली खोली केवढी आहे ते माहीत नव्हतं, आणि ही बाई दारात उभी राहून ते सांगत होती. मी आयुष्यभर क्षेत्रफळांच्या कागदांत बसलो होतो. एक भिंतसुद्धा मी कधी अशी बघितली नव्हती.

"तुम्हाला हे कसं कळतं?" मी न राहवून विचारलं.

"चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्या बघतेय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या भिंतीकडे वळल्या.

एकविसाव्या दिवशी दुपारी त्यांनी अर्जांचा गठ्ठा माझ्या खिडकीवर ठेवला. त्र्याऐंशी घरं. प्रत्येकाला नकाशा, प्रत्येक भिंतीला तिन्ही मापं, खाली घरमालकाची सही. मी मोजता मोजता एका अर्जापाशी थांबलो. तो दिरांच्या वरच्या मजल्याचा होता. त्यात सज्जा बंदिस्त करून केलेली खोली दाखवलेली होती. ती आमच्या तक्त्यात कुठेच नव्हती.

"मावशी, हे लिहिलंत तर त्यांचा कर कमी व्हायच्या ऐवजी वाढेल," मी आवाज खाली आणून म्हणालो.

दीर मागेच उभे होते. "तेच सांगतोय मी कालपासून," ते म्हणाले. "वहिनी, ती खोली लिहायची काय गरज होती?"

"मोजली, म्हणून लिहिली," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या टेपचे चार इंच मी पकडून दिले. घरातली एक अख्खी खोली कशी लपवू? तुम्हाला नको असेल तर सही खोडा, अर्ज मागे घ्या. मी काही म्हणणार नाही."

दिरांनी त्या नकाशाकडे पाहिलं. चार दिवस त्यांनी त्या बाईच्या टेपचं टोक धरलं होतं. सही त्यांनी खोडली नाही. "मारा शिक्का," ते मला म्हणाले, आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले.

पुढचे दोन महिने निरीक्षक नवी टेप घेऊन त्या त्र्याऐंशी घरांत पुन्हा फिरला. बाईंचा आदेशच तसा होता. एका संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन बसला. म्हणाला, "त्र्याऐंशी घरं झाली. त्यांचं माप कुठेही अर्ध्या इंचापेक्षा जास्त चुकलेलं नाही. आणि जिथे फरक आला, तिथे मी पुन्हा मोजलं तर माझंच चुकलं होतं." हे सांगताना तो इतका हळू बोलत होता, जणू कुणाच्या घरी मोठ्या माणसासमोर बसलाय.

शहात्तर घरांचं मूल्य कमी झालं, पाच घरांचं, न नोंदलेला एखादा कोपरा निघाल्यामुळे, जवळजवळ तसंच राहिलं आणि दोन घरांचं वाढलं. त्या दोनातलं एक दिरांचं. ते महिनाभर वहिनींशी बोलले नाहीत. जेवायला मात्र खालीच यायचे, ताट वाढून घ्यायचे आणि मुकाट्याने जेवून वर जायचे. ज्यांनी अर्ज केला नव्हता त्यांच्यासाठी वरून आदेश यायला सव्वा वर्ष लागलं. आला खरा, पण तोवर त्यांनी एक वर्ष जास्तीचा कर भरलेला होता, आणि तो पुढच्या वर्षात वळता करून घेण्यात आमच्या विभागाचे आणखी सहा महिने गेले.

मी निवृत्त झालो. परवा त्या भागात गेलो होतो, म्हणून मावशींकडे डोकावलो. आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. दर्शनी खोलीत मशीन होतं, कापडाचे तागे होते, आणि पलंगावर दुसऱ्याच प्रभागातलं एक जोडपं नोटीस घेऊन बसलं होतं. दीर एका बाजूला खुर्चीवर चष्मा पुसत होते. मावशी नोटिशीवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होत्या आणि मधेमधे विचारत होत्या, घर कधी बांधलं, वर कोण राहतं, तक्ता बघितलात का.

जोडप्यातल्या बाईला धीर धरवेना. "मावशी, साधारण किती कमी होईल?"

"जास्त आहे की नाही, ते आधी बघू दे," मावशी म्हणाल्या आणि दिरांना म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सकाळी वेळ आहे ना?"

दिरांनी चष्मा चढवला आणि टोपी शोधू लागले.